मिरजेचे वानलेस डॉक्टर



मिरजेहून सांगलीकडे जाताना वाटेत वानलेसवाडी नावाची वस्ती लागते. त्या भागातील माणसे हे नाव इतक्या सहजतेने उच्चारतात, की ते कोणा परदेशी गृहस्थाचे आडनाव आहे याचे भानही पुष्कळांना राहत नाही. परक्याचे नाव गावाच्या नावात असे विरघळून जावे, यासारखा दुसरा सन्मान नाही. हा सन्मान ज्यांना लाभला त्या डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांच्या जीवनाकडे आज आपण थोडे थांबून पाहू या. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला सांगितलेली असेल. त्यांना मिळालेल्या पदव्या आणि पदकेही आपण ऐकून असाल. तथापि त्यांच्या आयुष्याचा खरा अर्थ कळावयाचा असेल, तर त्यांच्या दवाखान्यातील साधा, रोजचा दिवस समजून घेतला पाहिजे. अशाच दिवसांच्या राशीतून मिरजेचे ते कार्य उभे राहिले.

वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क येथे घेतले आणि १८८९ साली ते पदवीधर झाले. त्याच वर्षी पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हिंदुस्थानास आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. या मिशनची मुळे दक्षिण महाराष्ट्रात आधीच रुजलेली होती. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात कामास प्रारंभ केला होता आणि पुढे सांगलीतही मिशनचे ठाणे झाले होते. या तरुण दांपत्याची नेमणूक सांगलीस झाली. तेथे वानलेस यांनी एक लहानसा दवाखाना उघडला.

त्या काळाचे चित्र आपण डोळ्यांसमोर आणावे. क्ष-किरणांचा शोध अद्याप लागावयाचा होता. पेनिसिलिन जगाला ठाऊक होण्यास आणखी चार दशके लागणार होती. रक्त देण्याची सुरक्षित पद्धत नव्हती. डॉक्टरांजवळ क्लोरोफॉर्म होते, लिस्टर यांनी १८६७ साली जगापुढे मांडलेली जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत होती, कार्बोलिक अॅसिड होते, क्विनाइन होते आणि स्वतःचे दोन हात होते. समोर मात्र देवी, पटकी, हिवताप, नारू, क्षय, कुष्ठ आणि बाळंतपणातील मृत्यू असे दुःखाचे मोठे सैन्य उभे होते. खेड्यातील माणूस दुखण्याला आधी देवऋषी, मग वैदू आणि डाग देणारा शोधी. सगळे उपाय हरले म्हणजे शेवटी तो साहेबाच्या दवाखान्याची पायरी चढे. साहजिकच डॉक्टरांकडे येणारे दुखणे बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेले असे आणि आलेले अपयश मात्र त्यांच्याच नावावर जमा होई.

विश्वास हा औषधासारखा बाटलीत भरून देता येत नाही. परधर्माचा, परभाषेचा, गोमांस खाणाऱ्यांच्या देशातून आलेला हा मनुष्य आपल्या अंगाला हात लावणार, आपल्याला पाणी मिसळलेले औषध पाजणार, ही कल्पनाच त्या वेळच्या अनेकांना असह्य होती. औषधाच्या निमित्ताने आपल्याला बाटवतील, ही भीती तर घरोघर होती. स्त्रियांनी परपुरुषाला नाडी दाखवणेही अवघड होते. या सर्व भिंतींवर वानलेस यांनी कोणते अस्त्र चालवले? त्यांनी रोज दवाखाना उघडला. ते मराठी शिकले. आलेल्या प्रत्येकाला तपासले. रोग्याला बरे होण्याचा अनुभव आला, की तो आपल्या गावी परतून आणखी चार जणांना घेऊन येई. वानलेस यांच्या दवाखान्याची जाहिरात ही अशी झाली.

सांगलीपेक्षा मिरज हे कार्यासाठी अधिक सोयीचे ठरले, त्याचे मोठे कारण आगगाडी. पुण्याकडून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून जात होता आणि १८९१ साली कोल्हापूर संस्थानाने बांधलेला फाटा तेथे येऊन मिळाला. मिरज जंक्शन झाले. दूरदूरच्या रोग्याला बैलगाडीतून दिवसेंदिवस हाल सोसत येण्याऐवजी गाडीत बसून येता येऊ लागले. १८९४ साली मिरजेत रुग्णालयाची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी मोठी देणगी दिली ती फिलाडेल्फिया येथील जॉन कॉन्व्हर्स या ख्रिस्ती उद्योजकाने. हे गृहस्थ रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे चालक होते. एका इंजिनवाल्याच्या पैशाने इमारत व्हावी आणि रोग्यांनी तिच्याकडे इंजिनामागे बसून यावे, या योगायोगात देवाची योजना पाहणारे पुष्कळ भाविक होते. आपणही तसे पाहिले तर वावगे होणार नाही.

आता, वाचकहो, त्या काळच्या मिशन दवाखान्याच्या अंगणात आपण मनाने जाऊन उभे राहू. उजाडण्यापूर्वीच तेथे माणसे जमलेली असत. कोणी आदल्या रात्रीच येऊन झाडाखाली मुक्काम केलेला असे. गाडीतून आलेला म्हातारा, कडेवर पोर घेतलेली आई, पायाला नारूची जखम झालेला शेतकरी, पदराने तोंड झाकून एका बाजूला बसलेली कुष्ठरोगी स्त्री, असे सगळे तेथे असत. वाड्यात एकत्र न बसणाऱ्या जातींची माणसे दुखण्याच्या ओढीने एकाच अंगणात येत. प्रत्येकाच्या हाती स्वतःची रिकामी बाटली असे. पातळ औषध त्या बाटलीत भरून मिळे आणि कंपाउंडर खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवून देई. अक्षर न वाचणारा माणूसही त्या खाचा पाहून एका वेळची मात्रा किती, हे ओळखी.

काम सुरू होण्याआधी लहानशी उपासना होई. एखादे गीत, शुभवर्तमानातील एखादी गोष्ट, थोडक्यात प्रार्थना. त्यानंतर एकेक रोगी आत जाई. डोळे, दात, कान, खोकला, ताप, गळवे, भाजल्याच्या जखमा यांची तपासणी आणि मलमपट्टी तासन् तास चाले. या कामात नाट्य काहीच नसते. तीच खरूज, तोच हिवताप, त्याच त्याच सूचना. औषध पोटात घ्यावयाचे की वरून लावावयाचे, हे दहादा सांगावे लागे. सांगूनही तो उलटे करून येई. मग अकराव्यांदा सांगावे लागे. वैद्यकीय सेवेचा दोन-तृतीयांश भाग असा धीराचा असतो. गर्दीला पाहून प्रभूला कळवळा आला, असे आपण शुभवर्तमानात वाचतो. गर्दी रोज सकाळी दाराशी येत असताना तो कळवळा टिकवून धरणे किती कठीण आहे, हे दवाखान्यात काम केलेल्यांनाच ठाऊक.

तपासणी आटोपली की शस्त्रक्रिया. विजेचा दिवा नसल्यामुळे सूर्याचा प्रकाश हाच खरा दिवा. हत्यारे उकळलेली, हात कार्बोलिकने भाजलेले, रोग्याच्या नाकातोंडावर धरलेल्या कापडी मुखवट्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब पडत असलेले. थेंब कमी पडले तर रोगी जागा होणार आणि अधिक पडले तर कधीच जागा होणार नाही, म्हणून तो हात अत्यंत विश्वासू असावा लागे. मुतखडे, पोटातील मोठमोठ्या गाठी, सडलेली हाडे आणि सर्वांत अधिक मोतीबिंदू. मोतीबिंदूवर वैदूंची एक जुनी रीत होती. ते सुईने डोळ्यातील पांढरे झालेले भिंग आत ढकलून देत. रोग्याला क्षणभर दिसू लागे, वैदू आपली बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई आणि काही दिवसांनी तो डोळा पुष्कळदा कायमचा जाई. वानलेस ते भिंग डोळ्याबाहेर काढत. पुढे काही दिवस पट्टी बांधून रोगी निश्चल पडून राही. पट्टी सुटल्यावर जाड भिंगाचा चष्मा लावून आजोबा नातवाचा चेहरा पाहत. अशा एका डोळ्यामागे सबंध गावाचे मन उघडत असे.

रोग्याबरोबर घरची दोन-चार माणसे येत. दुसऱ्याच्या हातचे अन्न चालत नसल्यामुळे ती आवारातच चूल मांडून आपापला स्वयंपाक करत. धुराने डोळे चुरचुरत. पोरे रडत. कोंबड्या फिरत. पाश्चात्त्य रुग्णालयाची शिस्त शिकून आलेल्या डॉक्टरला हा गोंधळ सहन करणे सोपे नव्हते. परंतु ही माणसे हाकलली असती, तर रोगीही निघून गेला असता. रुग्णालय रोग्यासाठी असते, रोगी रुग्णालयासाठी नसतो, हा धडा मिरजेच्या त्या चुलींनी शिकवला.

संध्याकाळी पुन्हा फेरी. कोणाचा ताप चढला, कोणाची पट्टी रक्ताने भिजली, हे कंदिलाच्या उजेडात पाहावयाचे. आणि रात्री दारावर थाप पडे. अडलेली बाळंतीण असे, नाहीतर सर्पदंश झालेला गडी. या अखंड रहाटगाडग्यात डॉक्टरांना स्वतःचे अपयशही वाहावे लागे. सकाळी आशेने आणलेले मूल संध्याकाळी आईच्या मांडीवर गार पडलेले पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रसन्न मुखाने दार उघडावे, यासाठी लागणारी शक्ती केवळ पदवीने मिळत नाही. ती प्रार्थनेच्या कोठीतून आणावी लागते.

संकटे तर रांगेने आली. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढील काही वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात पसरला. गावे ओस पडली. माणसे रानात झोपड्या घालून राहिली. शतक संपता संपता मोठा दुष्काळ पडला. अन्नाविना खंगलेल्या शरीरांना रोग लवकर गाठतो, तेव्हा दवाखान्याचे काम दुणावले. याच काळात, १९०० साली, मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी वेगळा आश्रय उभा राहिला. तोच पुढे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आला. आप्तांनी घराबाहेर काढलेल्या माणसांना तेथे छप्पर, मलमपट्टी आणि नावाने हाक मारणारे कोणीतरी लाभले. कुष्ठरोगावर खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. ते हाती येण्यास आणखी चाळीस-पन्नास वर्षे जावयाची होती. बरे करता येत नाही म्हणून जवळही करावयाचे नाही, हा व्यवहार वानलेस यांना मान्य नव्हता.

मग १९०६ साल उजाडले. सतरा वर्षे ज्यांनी या कामात साथ दिली त्या मेरी वानलेस देवाघरी गेल्या. परमुलुखात, माणसांच्या गर्दीत, ते एकाकी झाले. मायदेशी परतण्यास याहून योग्य कारण कोणते असू शकले असते? कोणी त्यांना दोषही दिला नसता. ते परतले नाहीत. कोल्हापुरातील मिशनच्या रुग्णालयाला मेरी यांचे नाव मिळाले आणि आजही कोल्हापूरकर ते नाव ओळखतात. पुढे वानलेस यांचा विवाह लिलियन हॅवन्स यांच्याशी झाला. त्यांनी पतीची उर्वरित वाटचाल सांभाळली आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चरित्रही लिहिले.

परंतु वानलेस यांच्या दूरदृष्टीचे सर्वांत मोठे फळ वेगळेच आहे, आणि तेच आपण मनात साठवून ठेवावे अशी माझी विनंती आहे. रुग्णालय उभे राहून तीनच वर्षे झाली होती, हाताला क्षणाचीही उसंत नव्हती, अशा वेळी १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. हिंदुस्थानातील मिशनची ही पहिली वैद्यकीय शाळा मानली जाते. हातावर काम असताना दुसऱ्याला शिकवणे ही मोठी गैरसोय असते. स्वतः केले तर अर्ध्या तासात होणारे काम शिकाऊ मुलाकडून करवून घेण्यास दोन तास लागतात आणि त्याच्या चुका आपल्याला निस्तराव्या लागतात. कुशल शस्त्रवैद्याला तर हे अधिकच जड जाते. वानलेस यांनी ते जड ओझे आनंदाने उचलले. एका माणसाचे हात किती रोग्यांना पुरणार? आणि तो माणूस गेल्यावर काय? म्हणून त्यांनी या देशातील ख्रिस्ती तरुणांना शरीरशास्त्र शिकवले, निदान शिकवले, हत्यार धरावयास शिकवले. ते तरुण मिरजेतून बाहेर पडून ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत कामाला लागले. परिचारिकाही तयार झाल्या. पुढे डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारखे सहकारी आले आणि कार्य एका व्यक्तीचे न राहता संस्थेचे झाले. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी याच मिशन रुग्णालयाचा आधार घेण्यात आला. १८९७ साली पेरलेले बी पासष्ट वर्षांनी असे वृक्षरूपाने दिसले.

सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि १९२८ साली सर ही पदवीही बहाल केली. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. क्षयरोग्यांसाठी मोकळ्या हवेचे आरोग्यधाम असावे ही त्यांची तळमळ होती. आरंभी उल्लेखिलेली वानलेसवाडी त्याच आरोग्यधामाच्या परिसरात वसली. १९३२ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९३३ च्या मार्च महिन्यात त्यांनी अमेरिकेत देह ठेवला.

या कार्यावर एक आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि आजही घेतला जातो. औषध हे धर्मांतराचे आमिष होते, असे काही जण म्हणतात. त्याचे उत्तर रागाने देण्याचे कारण नाही. दवाखान्यात शुभवर्तमान सांगितले जाई, हे सत्य आहे आणि ते कोणी लपवलेही नाही. परंतु बाटलीतील औषध ऐकणाऱ्यालाही मिळे आणि न ऐकणाऱ्यालाही मिळे. त्या दारातून गेलेल्या असंख्य रोग्यांपैकी बहुतेक सर्व जण आपापल्या धर्मातच राहिले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दार उघडलेच. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले आणि आभार मानावयास एकच परतला. उरलेल्या नऊ जणांची शुद्धी प्रभूने परत घेतली नाही. मिरजेचा दवाखाना याच न्यायाने चालला.

असे दवाखाने केवळ मिरजेतच नव्हते. आपले काही वाचक छत्तीसगडात राहतात. त्यांना बिश्रामपूर, मुंगेली, तिल्दा, धमतरी या गावांची नावे सांगावयास नकोत. तेथेही सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसांनी कंदिलाच्या उजेडात रोगी तपासले. आज त्याच प्रदेशात, रायपूरला लागून असलेल्या बीरगावात, कारखान्यांच्या आश्रयाने ठिकठिकाणचे मजूर येऊन वसले आहेत. भट्टीजवळ काम करणाऱ्याचा खोकला, यंत्रात सापडलेले बोट, परक्या मुलुखात आजारी पडलेले एकटे पोर ही नव्या काळाची दुःखे आहेत. अंगण बदलले आहे, रांग तीच आहे.

आणि म्हणून, प्रिय वाचक, प्रश्न आपल्याजवळ येऊन थांबतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी डॉक्टर परतले, परदेशी निधी आटला आणि अनेक मिशन रुग्णालयांवर कठीण काळ आला. काही बंदही पडली. आपण त्यांच्या भग्न भिंती पाहून हळहळतो, शताब्दीचे सोहळे करतो, तैलचित्रांना हार घालतो. यातील काहीही गैर नाही. परंतु वानलेस यांनी वारसा ठेवला तो शिकवून तयार केलेल्या हातांचा. इमारतीवर त्यांनी भिस्त ठेवली असती, तर शाळा काढण्याचे त्यांना कारणच नव्हते. आपल्या मंडळीतील जी मुले-मुली आज डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते होत आहेत, त्यांच्यापैकी किती जणांना आपण एखाद्या आडगावच्या दवाखान्यात दोन वर्षे काम करण्याचा आशीर्वाद मनापासून देऊ? मुलगा मोठ्या शहरात किंवा परदेशी गेला की आपण उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतो. तो खेड्यात जावयास निघाला, तर त्याच उत्साहाने ठेवू काय? चोवीस वर्षांच्या एका तरुणाला त्याच्या मंडळीने सातासमुद्रांपलीकडे सांगलीस जाऊ दिले, म्हणून आपल्या पूर्वजांचे डोळे उघडले. ते ऋण आपण कोणाकडे फेडावयाचे?

ज्यांना वैद्यक येत नाही त्यांनाही या कामात जागा आहे. रोग्याला दवाखान्यापर्यंत पोहोचवणे, त्याच्या उशाशी बसणे, क्षयाच्या गोळ्या त्याने मध्येच सोडू नयेत म्हणून रोज आठवण देणे, हीही सेवाच होय. चांगल्या शोमरोन्याजवळ कोणती पदवी होती? तेल, द्राक्षारस, एक जनावर आणि थांबण्याची तयारी, एवढेच त्याचे भांडवल होते.

प्रभूने आपल्या मंडळीला अशी थांबणारी माणसे द्यावीत, आणि ती आपल्याच घरांतून द्यावीत, हीच नम्र प्रार्थना.